सह्या झाल्यावर हद्द कोण कायम करतो?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महायुद्धांनंतरच्या शांतता करारांवर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत इतके सविस्तर क्वचितच वाचायला मिळते, म्हणून आधी लेखकाचे आभार. मात्र त्यातल्या एका विधानाशी मी सहमत नाही. विजेत्यांनी टेबलावर नकाशा पसरला, रेघ ओढली, पराभूताने सही केली आणि सीमा बदलली, असा लेखाचा एकूण सूर आहे. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार (भूकरमापकांचे काम तपासणारा) म्हणून निवृत्त झालो. सारी नोकरी गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात लोकांच्या हद्दी कायम करण्यात गेली. त्यामुळे सांगतो, नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची हद्द यांच्यात फार मोठे अंतर असते. युद्धानंतर सीमेवरच्या माणसांचे जे बरेवाईट होते, ते बरेचसे या अंतरात होते.

वाटपाच्या दाव्यात दिवाणी न्यायालय हुकूमनामा देते. थोरल्याला निम्मी जमीन, धाकट्याला निम्मी. न्यायाधीश शेतावर येत नाहीत. तो कागद कलेक्टर कचेरीतून उतरत उतरत शेवटी मोजणीदाराच्या हातात पडतो. तो लगतच्या कब्जेदारांना नोटिसा काढतो, पंच जमवतो, आणि मग खरे प्रश्न उभे राहतात. एका प्रकरणात हुकूमनाम्यात 'विहिरीच्या पूर्वेकडील भाग' असे शब्द होते. आम्ही शेतात गेलो तर विहिरी दोन. एक वापरातली, दुसरी बुजलेली, काठावर करंज वाढलेला. थोरला म्हणे ही, धाकटा म्हणे ती. दोन विहिरींच्या मधल्या पट्ट्यात उसाचा सगळ्यात चांगला तुकडा होता. न्यायालयाने न्याय दिला होता, तरी त्या तुकड्याचा न्याय आम्हालाच करायचा होता, आणि तो नीट झाला नसता तर दोन्ही घरांतल्या पुढच्या पिढीने बांधावर डोकी फोडली असती. शांतता करार हा मला असाच एक हुकूमनामा वाटतो.

निवृत्तीनंतर मी पहिल्या महायुद्धानंतरचे करार मुळातून वाचायला घेतले. सगळे लोक नुकसानभरपाईची आणि युद्धगुन्ह्यांची कलमे वाचतात. मी हद्दीची वाचली. हंगेरीबरोबरचा ट्रियानोंचा करार ४ जून १९२० रोजी झाला. त्याच्या २७ व्या कलमात देशाची हद्द वळणावळणाने सांगितली आहे. अमुक गाव या बाजूला, अमुक त्या बाजूला, या उंचवट्यापासून त्या नदीपर्यंत, आणि मध्ये पुन्हा पुन्हा एकच वाक्य येते, की इथली रेषा प्रत्यक्ष जागेवर ठरवायची आहे. करारासोबतचा नकाशा दहा लाखास एक या प्रमाणाचा. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवर एक किलोमीटर. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी त्या रेघेच्या पोटात अर्धा किलोमीटर रुंदीची पट्टी बसते, घरे, गोठे, दफनभूमी, गिरणी, सगळ्यांसकट. करार करणाऱ्यांना हे माहीत होते. मजकूर आणि नकाशा यांत फरक पडला तर मजकूर खरा धरावा, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

त्यापुढची कलमे वाचताना तर मला आमचेच जुने मोजणी नियम वाचतो आहे असे वाटले. सीमा आयोगाने रेषा जागेवर आखावी. आखताना शासकीय हद्दी आणि स्थानिक लोकांचे आर्थिक व्यवहार शक्य तितके लक्षात घ्यावेत. निर्णय बहुमताने व्हावा. संबंधित राज्यांनी आयोगाला वाहने, राहण्याची सोय, मजूर आणि खांब पुरवावेत. त्रिकोणमितीच्या खुणा आणि हद्दीच्या निशाण्या सांभाळाव्यात. एका खांबावरून पुढचा खांब दिसला पाहिजे. प्रत्येकाला क्रमांक असावा आणि तो नकाशात नोंदवावा. कागदपत्रांच्या तीन प्रती कराव्यात, दोन शेजारी राज्यांना आणि तिसरी फ्रान्स सरकारला. म्हणजे जिथे दिवसच्या दिवस चिखल तुडवत लोक नव्या देशाची हद्द ठरवणार होते, त्या कामाचा शिस्तशीर विचार पॅरिसमध्ये झाला होता. जर्मनी आणि पोलंडच्या सीमेसाठी व्हर्साय कराराने सात जणांचा आयोग नेमला, त्यात पाच विजेत्या राष्ट्रांचे, एक पोलंडचा आणि एक जर्मनीचा. हरलेल्यालाही एक खुर्ची होती. पाचास एक, पण होती.

मग ट्रियानोंचे घाव शंभर वर्षे का ओले राहिले? मोजणी वाईट झाली म्हणून नव्हे. मोजणीच्या आधी जे विचारायला हवे होते ते विचारले गेले नाही, म्हणून.

क्रोएशिया वगळला तर जुन्या हंगेरीचे क्षेत्र सुमारे २ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर होते. करारानंतर ९३ हजार उरले. लोकसंख्या १ कोटी ८२ लाखांवरून ७६ लाखांवर आली. यातला मोठा भाग जाणे न्यायाचेच होते, हेही स्पष्ट लिहितो. १९१० च्या खानेसुमारीप्रमाणे त्या राज्यात हंगेरियन बोलणारे निम्म्याहून थोडेच अधिक होते. स्लोव्हाक, रोमेनियन, सर्ब लोकांवर पिढ्यानपिढ्या शाळेतून आणि कचेरीतून हंगेरियन भाषा लादली गेली होती. त्यांना आपापले राज्य हवे होते आणि तो त्यांचा हक्क होता. पण सुमारे ३२ लाख हंगेरियन भाषक लोक नव्या सीमांच्या पलीकडे गेले, आणि त्यांतले पुष्कळसे अगदी सीमेला लागून राहत होते. ही रेषा भाषेवरून पडली असती तर कित्येक ठिकाणी ती आणखी पलीकडे गेली असती. ती रेल्वेवरून पडली.

सातू मारे, ओराद्या आणि आराद ही शहरे दक्षिणोत्तर एका रेल्वेमार्गावर आहेत. हा मार्ग रोमेनियाला पूर्णपणे आपल्या ताब्यात हवा होता, म्हणून हंगेरियन वस्तीची ही शहरे मार्गासकट तिकडे गेली. उत्तरेला शातोराल्याउइहेय नावाचे गाव आहे. तिथे रोन्यवा नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडावा एवढाच. सीमा त्या ओढ्यावरून नेली गेली आणि रेल्वेचे जंक्शन चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूला गेले. पलीकडचा तुकडा आज स्लोव्हेन्स्के नोवे मेस्तो म्हणून स्लोव्हाकियात आहे. कोमारोमचे डॅन्यूब नदीवरून दोन भाग झाले. गाड्यांना लागणारे रूळ आणि माणसांना लागणारे गाव यांत करार करणाऱ्यांनी रूळ निवडले. त्यामागचे कारण मला कळते. नव्या राज्यांना फौज हलवायला, धान्य पोचवायला रेल्वे हवी होती. पण ज्यांच्या घरासमोरून रेषा गेली त्यांना एकदाही विचारले नाही, हे मला पटत नाही.

हंगेरीच्या शिष्टमंडळाचे प्रमुख अल्बेर्ट अप्पोन्यी यांनी १६ जानेवारी १९२० रोजी पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे नेमकी हीच मागणी केली होती. वादग्रस्त भागात सार्वमत घ्या, निकाल काहीही लागो, आम्ही मान्य करू. ते मानले गेले नाही. मे महिन्यात करारासोबत फ्रान्सचे पंतप्रधान मिलरां यांचे पत्र आले. त्यात एवढी सवलत होती, की प्रत्यक्ष जागेवर सीमा आयोगाला कुठे अन्याय दिसला तर त्याने तसे कळवावे. हंगेरीत या पत्राची फार आशा होती. ऑस्ट्रियाच्या सीमेवरची काही गावे त्यानंतरच्या वर्षांत परत मिळाली. बाकी फारसे काही हलले नाही.

एका ठिकाणी मात्र विचारले गेले. पश्चिमेचे शोप्रोन शहर करारात ऑस्ट्रियाला गेले होते. १९२१ च्या शरद ऋतूत तिथे हंगेरीच्या सशस्त्र टोळ्यांनी ऑस्ट्रियाला ताबा घेऊ दिला नाही. मग इटलीने मध्यस्थी केली, व्हेनिसमध्ये समझोता झाला, आणि १४ ते १६ डिसेंबर १९२१ या दिवसांत शोप्रोन आणि भोवतालच्या आठ गावांत मतदान झाले. सुमारे ६५ टक्के मते हंगेरीला पडली. हे मतदान निर्दोष नव्हते. मतदारयाद्यांबद्दल ऑस्ट्रियाच्या तक्रारी होत्या, आणि आठांपैकी पाच गावांचा कौल ऑस्ट्रियाच्या बाजूने असूनही सगळ्यांची मोट एकत्र बांधली गेली. बुर्गेनलांड प्रांताची राजधानी म्हणून ऑस्ट्रियाने शोप्रोनच मनात धरले होते, त्यांना पुढे आयझेनश्टाट निवडावे लागले. तरीही त्या सीमेवरून पुन्हा युद्ध झाले नाही. उरलेल्या सीमांवर काय झाले ते पाहा. 'नाही, नाही, कधीच नाही' ही घोषणा हंगेरीत मुलांच्या तोंडी बसली. १९३८ आणि १९४० साली हिटलर आणि मुसोलिनी यांच्या निवाड्यांनी हंगेरीला काही भाग परत मिळवून दिला, त्याची किंमत म्हणून देश हिटलरच्या दावणीला बांधला गेला, आणि १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस कराराने सगळे पुन्हा जवळजवळ होते तिथे आणून ठेवले. मधल्या काळात किती माणसे मेली, किती घरे उठली.

या सगळ्या प्रकरणात एक माणूस मला विसरता येत नाही. काउंट पाल टेलेकी. ते मूळचे भूगोलतज्ज्ञ. पॅरिसला न्यायला त्यांनी हंगेरीचा एक वस्तीनकाशा तयार केला, 'लाल नकाशा' म्हणून तो प्रसिद्ध आहे. हंगेरियन वस्ती लाल रंगात, आणि नकाशावरच्या एका चौरस मिलिमीटरला शंभर माणसे. जिथे वस्ती विरळ, ती डोंगराळ जागा पांढरी सोडलेली. गणिताने पाहिले तर नकाशा चोख आहे. पण डोंगरात रोमेनियन लोक पातळ पसरलेले आणि सपाटीला, शहरांत हंगेरियन लोक दाट, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोळ्यात फक्त लाल रंग भरतो. मी आयुष्यभर नकाशे काढले आहेत, म्हणून या नकाशाचे कौशल्यही कळते आणि त्यातली ओढही कळते. परिषदेवर त्याचा परिणाम झाला नाही. करारावर सह्या झाल्या तेव्हा टेलेकी परराष्ट्रमंत्री होते, आणि दीडेक महिन्याने पंतप्रधान झाले.

पुढे घडले ते असे. १९२४ साली राष्ट्रसंघाला (लीग ऑफ नेशन्स) दुसऱ्याच एका हद्दीचा वाद सोडवायचा होता, तुर्कस्तान आणि इराक यांच्यामधल्या मोसुल प्रांताचा. त्यासाठी तीन जणांचा आयोग नेमला. स्वीडनचे मुत्सद्दी आफ विर्सेन, बेल्जियमचे कर्नल पॉलिस, आणि तिसरे टेलेकी. ज्याच्या देशाला न विचारता रेषा पडली होती, तो आता दुसऱ्यांच्या मुलखात जाऊन विचारपूस करणार होता.

मोसुलचा संबंध आपल्याशी सरळ पोचतो. माझ्या आजोबांचे एक चुलते 'बसऱ्याला' गेले होते, एवढेच आमच्या घरात बोलले जाई. मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, सगळी मोहीम आमच्याकडे बसरा या एका नावात मावते. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशा संगमरवरी पाट्या आहेत, त्यांतले पुष्कळ लोक तिथेच लढले. ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या दक्षिणेला शर्कात इथे तुर्की फौजेशी शेवटची मोठी लढाई झाली, तीत ११४ वी मराठा पलटण होती. ३० ऑक्टोबरला मुद्रोसचा शस्त्रसंधी झाला, आणि इंग्रज फौजा मोसुल शहरात शिरल्या त्या त्यानंतरच्या दिवसांत. तुर्कस्तानचा सगळा आक्षेप यावर होता. लढाई थांबवायची ठरल्यावर घेतलेली जागा तुमची कशी? मोजणी खात्यात आम्ही वाद सुरू असताना कोरलेला बांध धरत नाही, त्यामुळे तुर्कांचे हे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, जरी त्या फौजेत आमचीच माणसे होती.

तुर्कस्तानबरोबरचा सेव्हर्सचा करार १० ऑगस्ट १९२० चा. त्यात कुर्द लोकांना आधी स्वायत्तता आणि पुढे मागणी केल्यास स्वतंत्र राज्य, अशी तरतूद होती. तुर्कांचे नेते मुस्तफा केमाल यांनी तो करार तलवारीच्या जोरावर रद्द ठरवला. त्याच्या जागी २४ जुलै १९२३ रोजी लोझानचा करार आला, त्यात कुर्दांचे नावही उरले नाही. इराकची हद्द ब्रिटन आणि तुर्कस्तान यांनी नऊ महिन्यांत सामोपचाराने ठरवावी, नाहीतर राष्ट्रसंघाकडे जावे, असे लिहून तो प्रश्न पुढे ढकलला. सामोपचार झाला नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेने ब्रुसेल्समध्ये तात्पुरती रेषा घातली. आयोग १९२५ च्या हिवाळ्यात मोसुलला पोचला, गावोगाव फिरला, लोकांशी बोलला. त्यांच्या अहवालातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. वंश हीच कसोटी मानली तर इथे कुर्द राज्यच करावे लागेल, कारण प्रांतात बहुसंख्य कुर्द आहेत, असे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. शेवटी शिफारस केली ती प्रांत इराकला देण्याची, पण ब्रिटनची देखरेख पंचवीस वर्षे राहावी आणि कुर्दांना त्यांच्या भाषेत शाळा, न्यायालये, कारभार मिळावा, या अटीवर. १६ डिसेंबर १९२५ ला परिषदेने तसा निर्णय दिला. ५ जून १९२६ च्या अंकारा कराराने तुर्कस्तानने तो मान्य केला. त्याबदल्यात त्याला पंचवीस वर्षे तेलाच्या स्वामित्वधनातला १० टक्के वाटा मिळाला, आणि अलामून व अशुता या दोन ठिकाणांना जोडणारा रस्ता आपल्या बाजूला यावा एवढी रेषा सरकवून मिळाली. एवढ्या मोठ्या वादाच्या शेवटी एक रस्ता! हद्दीची कामे केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. वाट हाच नेहमी शेवटचा तंटा असतो. पुढच्याच वर्षी किर्कुकजवळ बाबा गुरगुर इथे तेलाचा प्रचंड साठा लागला, आणि १९३२ साली देखरेखही संपली. कुर्दांना दिलेल्या अटींचे काय झाले ते जग पाहत आले आहे. रेषा मात्र आजही जवळजवळ तीच आहे.

टेलेकींची गोष्ट इथे संपत नाही. ते १९३९ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने ज्यूविरोधी कायदे केले, १९२० सालीही केले होते, आणि हा डाग पुसता येणारा नाही. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी युगोस्लाव्हियाशी 'चिरंतन मैत्री'चा करार केला. चार महिन्यांत हिटलरने युगोस्लाव्हियावर चढाई ठरवली आणि हंगेरीला सोबत ओढले. गेलेली जमीन परत मिळण्याचा मोह समोर होता. ३ एप्रिल १९४१ च्या पहाटे टेलेकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आयुष्यभर ज्या हद्दी परत मिळवायचा ध्यास घेतला, त्या अशा रीतीने परत येणे त्यांना सोसले नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसती रडकथा सांगण्यासाठी मी लिहीत नाही. त्याच व्हर्साय कराराने त्याच १९२० सालात एक सीमा अशी काढली, की ती १०० वर्षांनंतरही कोणाला बदलावीशी वाटत नाही. डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यामधली, श्लेस्विगची. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने हा मुलूख गमावला. १८६६ च्या प्राग करारात उत्तर भागातल्या लोकांना विचारू असे वचन होते, ते कधी पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता, म्हणजे तो विजेताही नव्हता, तरी करारात १०९ वे कलम आले. ते मी कितीदा वाचले असेल. करार अमलात आल्यापासून दहा दिवसांत जर्मन फौज आणि अधिकारी त्या पट्ट्यातून बाहेर पडले पाहिजेत. कारभार आंतरराष्ट्रीय आयोग बघेल. मत वीस वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीपुरुषांना, त्या पट्ट्यात जन्मलेल्यांना आणि जर्मनीने हद्दपार केलेल्यांनाही. बंदूकवाला आधी बाहेर आणि मतपेटी मग आत, हा क्रम मला कराराचा गाभा वाटतो.

उत्तरेच्या पट्ट्यात १० फेब्रुवारीला मतदान झाले, सुमारे ७५ टक्के डेन्मार्ककडे. दक्षिणेच्या पट्ट्यात १४ मार्चला, ८० टक्के जर्मनीकडे. उत्तरेत सगळी मते एकत्र मोजायची आणि दक्षिणेत गावनिहाय, असा नियम होता, आणि तो डेन्मार्कच्या सोयीचा होता. टोंडर शहराने तीन चतुर्थांशांहून जास्त मते जर्मनीला दिली, तरी ते डेन्मार्कमध्ये गेले. उलट फ्योर बेटाच्या पश्चिम टोकाला तीन लहान गावांनी डेन्मार्क मागितले, पण ती सीमेपासून तुटलेली, म्हणून जर्मनीतच राहिली. आमच्या सीमाभागातल्या वाचकांना हे लगेच कळेल. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषेचे बहुमत आणि लोकांची इच्छा, ही आंध्र-मद्रास सीमेच्या पाटसकर निवाड्याची सूत्रे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कर्नाटकातल्या ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. श्लेस्विगमध्ये ही सूत्रे अर्धीच पाळली गेली आणि तरी निभावले, ते पुढच्या वागणुकीमुळे.

फ्लेन्सबुर्ग शहर जर्मनीकडे गेल्यावर कोपनहेगनमध्ये ते तरीही घ्यावे म्हणून मोठा दबाव होता. पंतप्रधान त्साले यांनी नकार दिला. राजा ख्रिश्चन दहावा याने त्यांना बडतर्फ केले, देशात संप होण्याची वेळ आली, आणि शेवटी राजालाच माघार घ्यावी लागली. जे आपल्याला मत देत नाहीत ते आपले नव्हेत, असे एका सरकारने खुर्ची घालवून सांगितले. पुढे १९४० मध्ये हिटलरने डेन्मार्क व्यापला, पण ही सीमा हलवली नाही. १९४५ मध्ये जर्मनी पालथी पडलेली असताना डेन्मार्कनेही ती हलवली नाही. १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन यांनी आपापल्या बाजूच्या अल्पसंख्याकांसाठी जाहीरनामे काढले. जर्मनीत राहिलेल्या डॅनिश लोकांच्या पक्षाला संसदेत जाण्यासाठीची ५ टक्के मतांची अट नाही, आणि २०२१ मध्ये त्यांचा एक खासदार बर्लिनच्या संसदेत पोचला.

माझी मुलगी हॅम्बुर्गला नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो असता तिने मला रुडब्यॉल या गावी नेले. तिथे सीमा गावातल्या रस्त्याच्या मधोमध जाते. डांबरात बसवलेले दगड रस्त्याशी जवळजवळ समपातळीत आहेत, गाड्या त्यांच्यावरून जातात. मी वाकून दगडाच्या कडा बघितल्या, क्रमांक वाचला. शंभर वर्षांत एकाही दगडाशी कोणी खेळ केलेला दिसला नाही. ज्याने आपल्याकडच्या शिवारात उपटलेले, सरकवलेले, घराच्या पायरीला लावलेले हद्दीचे दगड बघितले आहेत, त्याला याची किंमत कळते. मुलगी म्हणाली, बाबा, रस्त्यात बसू नका.

आणि जिथे शब्द जागेवर उतरवलेच गेले नाहीत, तिथे काय होते? आपले उदाहरण आहे. २७ जुलै १९४९ चा कराची करार शांतता करार नव्हे, युद्धबंदी रेषेचा करार आहे. त्यात रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आणली, आणि पुढे 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' एवढेच शब्द लिहून सोडून दिले. १९७२ मध्ये सिमल्यानंतर नियंत्रण रेषा आखली, तीही त्याच बिंदूवर थांबली. तिथे कोण राहते, असा विचार झाला असेल. एप्रिल १९८४ पासून आपले जवान सियाचिनवर उभे आहेत ते या अपुऱ्या वाक्यामुळे. एका खांबावरून पुढचा खांब दिसला पाहिजे, ही साधी अट तिथे लावली गेली नाही.

युक्रेनमधले युद्धही कधी ना कधी कराराच्या टेबलावर येईल. त्या दिवशी पहिल्या पानावर हस्तांदोलनाचे छायाचित्र येईल, ते यावे. माझी विनंती एवढीच, की त्या कराराची हद्दीची कलमे आपण मराठीत पूर्ण छापावीत, कितीही रुक्ष वाटली तरी. आयोगावर कोण कोण आहे, नकाशाचे प्रमाण किती, रेषा जागेवर कोण ठरवणार, त्या आधी लोकांना विचारणार की नाही, विचारताना तिथे सैन्य असेल की नसेल, आणि नको त्या बाजूला राहिलेल्यांना शाळा कोणत्या भाषेत मिळणार. ही माहिती बातमीच्या शेवटच्या ओळीत कापली जाते. आम्ही वाचक ती वाचू.

एक दुरुस्तीही सुचवतो. लेखासोबत छापलेल्या हंगेरीच्या नकाशात शोप्रोन ऑस्ट्रियाच्या बाजूला दाखवले आहे. १९२१ च्या मतदानापासून ते हंगेरीत आहे. पुढच्या रविवारी ही दुरुस्ती द्यावी.

आपला,
एक निवृत्त निमतानदार,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर